धुण्याच्या कढत पाण्याची गोष्ट

परवा सातवीच्या वर्गावर भूगोलाचा तास घेत होते. दगडी कोळसा, खनिज तेल, मग सूर्य, वारा, पाणी असं सगळं फळ्यावर लिहून झालं. ‘काही देश कोळसा आणि तेल सोडून दुसऱ्या ऊर्जेकडे वळत आहेत’ हे वाक्य सांगून मी मोकळी होणार, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, वळतात म्हणजे नेमकं काय करतात?” घंटा झाली म्हणून मी सुटले! पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग दोन दिवस मिळेल ते वाचलं आणि आइसलँड या देशापाशी येऊन थांबले. कारण तिथली गोष्ट सुरू होते ती चक्क धुण्याच्या बोचक्यापासून.

आइसलँड हे उत्तर अटलांटिक महासागरातलं बेट. माणसं मोजून चार लाखांच्या आतबाहेर. राजधानी रेक्याविक, म्हणजे ‘धुराचा उपसागर’. हा धूर नव्हेच, जमिनीतून उकळत वर येणाऱ्या झऱ्यांची ती वाफ! गावापासून सुमारे ३ किलोमीटरवर असे झरे होते आणि गावातल्या बायका तिथे धुणं न्यायच्या. ओले कपडे, बादली, धुण्याची फळी, कॉफीची किटली असं सगळं पाठीवर घेऊन, बर्फातून, अंधारातून चालत. परतताना तर ओझं ओलं, म्हणजे आणखी जड. नदीवर पिळे घेऊन जाणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगायला नको. १८७५ साली तिथे स्त्रियांचं एक मंडळ स्थापन झालं, त्याने या धुणाऱ्या बायकांना आसरा म्हणून झऱ्यांजवळ एक घर बांधून दिलं. पुढे रस्ता झाला. लौगावेगुर नावाचा तो रस्ता आज शहरातला दुकानांनी गजबजलेला मुख्य रस्ता आहे, पण नावाचा अर्थ ‘झऱ्यांची वाट’ असाच. काही जणी पाय घसरून त्या कढत पाण्यात पडल्या आणि जिवाला मुकल्या. त्यानंतर झऱ्यांवर लोखंडी कमानी बसवल्या. अपघात झाल्यावरच कठडा बांधायचा, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

आता गंमत पाहा. गावाबाहेर पाणी फुकट उकळतंय, आणि गावात घरं ऊबदार ठेवायला परदेशातून बोटीने आणलेला कोळसा जळतोय! थंडीत शहरावर काळा धूर साचून राहायचा. पडदे, भिंती, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांवर काजळी. ती कोण पुसत असेल, ते मी सांगायला हवं का?

१९२८ च्या सुमारास नगरपालिकेने त्या झऱ्यांजवळ जमिनीत भोकं पाडायला घेतली. यंत्र मुळात आणलं होतं सोनं शोधायला. सोनं काही हाती लागलं नाही, पण त्याच यंत्राने पुढे कढत पाणी वर काढलं. १९३० साली ३ किलोमीटर नळ टाकून ते शहरात आणलं, आणि पहिली जोडणी दिली ती एका प्राथमिक शाळेला! (शिक्षिका म्हणून मला या ठिकाणी फार बरं वाटलं.) मग इस्पितळ, पोहण्याचा तलाव आणि सत्तरेक घरं. दुसऱ्या महायुद्धाने पुढचं काम रखडलं, तरी १९४३ साली लांबच्या झऱ्यांचं पाणी शहरात पोहोचलं. घराघरांतल्या लोखंडी नळ्यांतून ते खेळायचं आणि खोल्या गरम राहायच्या. शेगडी नाही, राख नाही, धूर नाही.

पण ही झाली राजधानीची गोष्ट. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, तेव्हा देशातली निम्म्याच्या आसपास घरं अजून तेलावरच गरम होत होती. त्या महागाईने सगळे जागे झाले. अडचण एकच, बोअर मारायला भारी खर्च, आणि पाणी लागेलच याची खात्री कोण देणार? बोअर कोरडी गेलेल्या शेतकऱ्याच्या घरात या प्रश्नाचं उत्तर विचारा. तिथे सरकारी निधीतून कर्ज मिळे, आणि पाणी लागलं नाही तर ते माफ करून अनुदान धरलं जाई. म्हणजे नशिबाचा वाटा सगळ्यांनी मिळून उचलला. माझ्या मते मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. आज तिथल्या दहापैकी नऊ घरांना भूगर्भातल्या उष्णतेचीच ऊब आहे, आणि वीज जवळजवळ सगळी नद्यांवरच्या धरणांतून आणि जमिनीतल्या वाफेतून येते.

एका गोष्टीने मात्र मला थक्क केलं. नेस्याव्हेतलिर या ठिकाणाहून १९९० पासून २७ किलोमीटर लांबीच्या नळातून राजधानीला गरम पाणी येतं. एवढ्या प्रवासात ते जेमतेम दोन अंशांनी निवतं, कारण नळाला गुंडाळण उत्तम आहे. आणि आमच्या इमारतीत गच्चीवरच्या सौर बंबातलं पाणी चार मजले उतरेपर्यंत कोमट! तळमजल्यावरच्या काकूंनी तीन सभांमध्ये तक्रार केली. ‘नशीब तुमचं, खाली घर घेतलंत’ असं उत्तर मिळालं. गेल्या महिन्यात नळांना गुंडाळण घातलं तेव्हा कुठे त्यांना कढत म्हणावं असं पाणी मिळालं. तुमच्याकडे असा बंब असेल तर उघडे नळ आधी पाहून घ्या. आणि गरम पाणी येईपर्यंत जे थंड पाणी वाहून जातं ते बादलीत धरा, फरशीला उपयोगी पडतं. आइसलँडमध्ये तर घर गरम करून निवालेलं पाणी पदपथांखालून फिरवतात, त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून.

सगळंच गोड आहे असं नाही. काही ठिकाणी गरम पाण्याला गंधकामुळे सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि चांदीचे दागिने काळे पडतात. तिथल्या विजेचा मोठा वाटा ॲल्युमिनियमचे कारखाने खातात, आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या धरणांवरून भांडणंही झाली आहेत. विमानं, मासेमारीची जहाजं आणि बऱ्याच मोटारी अजून परदेशी तेलावरच चालतात. म्हणजे वळणं अर्धंच झालंय. आणि ज्या जमिनीने ऊब दिली तिचा भरवसा किती? फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रिंदाविक गावाजवळ ज्वालामुखी उसळला आणि लाव्हारस गरम पाण्याच्या मुख्य नळावरूनच वाहत गेला. वीस हजारांहून अधिक माणसं ऐन थंडीत गारठली. विजेच्या शेगड्यांसाठी दुकानांत झुंबड उडाली. पण सगळ्यांनी एकदम लावल्या तर वीजही जाईल, म्हणून जपून वापरा अशी विनवणी करावी लागली. लाव्हा अजून तापलेला असताना कामगारांनी नवा नळ जोडायला घेतला. पहिला प्रयत्न फसला, तरी काही दिवसांत पाणी पुन्हा सुरू झालं.

सोमवारी पुन्हा सातवीचा तास आहे. फळ्यावर आधी काय काढायचं ते ठरवलंय. पाठीवर बोचकं घेतलेली बाई. माझी चित्रकला जेमतेमच आहे, पण तेवढं जमेल.