दानाची जागा, हक्काचे पाणी

टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या १०० मीटर बॅकस्ट्रोकची प्राथमिक फेरी झाली. अहमदाबादची माना पटेल १ मिनिट ५.२० सेकंदांत गटात दुसरी आणि एकूण एकोणचाळिसावी आली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या केली मॅककिओनने ५७.४७ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. या पावणेआठ सेकंदांचा हिशेब एका मुलीच्या अंगबळाशी मांडणे सोपे आहे, पण तो खोटा ठरेल.

थेट पात्रतेसाठी १ मिनिट ०.२५ सेकंदाची अट होती. माना गेली ती ‘युनिव्हर्सॅलिटी’ कोट्यातून. पात्र जलतरणपटू नसलेल्या देशालाही एक पुरुष व एक स्त्री पाठवता यावी, अशी ही सोय. ती न्याय्यच आहे. परंतु आरती साहा व मुंबईची डॉली नाझिर १९५२ साली हेलसिंकीला पोहल्या. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनीही एवढ्या मोठ्या देशाच्या मुलीला दानाच्या जागेवरच जावे लागावे?

पुण्याला या प्रश्नाकडे त्रयस्थपणे पाहता येणार नाही. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून उभे राहिले. ऑक्टोबर २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तेथे झाल्या. तलाव बांधणे हा भांडवली खर्च; त्याची कोनशिला बसते. पाणी शुद्ध राखणे, प्रशिक्षक व जीवरक्षक नेमणे हा दरवर्षीचा महसुली खर्च. त्याची कोनशिला बसत नाही, म्हणून कात्री प्रथम तेथेच लागते.

बॅकस्ट्रोकमध्ये तर ही कात्री अधिकच जाचते. उताणे पोहणारीला भिंत दिसत नाही. भिंतीच्या पाच मीटर अलीकडे टांगलेल्या पताका दिसताच ती हात मोजू लागते आणि त्या अंदाजाने वळते. हे मोजमाप अंगवळणी पडण्यास रोज मोकळी रांग हवी. सार्वजनिक तलावाच्या गर्दीच्या पाळीत चार हात मारले की कोणाच्या तरी डोक्यावर आदळायचे! त्यात स्त्रियांचा राखीव तास एकच असेल आणि तो शाळेच्याच वेळेत येत असेल, तर श्रमिक वस्तीतील मुलीने शिकावे केव्हा? खाजगी तलावाचे शुल्क तिच्या घराला पेलणारे नाही.

महापालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलताना कार्यकर्त्यांनी नव्या तलावाची मागणी तूर्त बाजूस ठेवावी. आहेत त्या तलावांत शाळा सुटल्यानंतरचे दोन तास, दोरीने वेगळी केलेली एक रांग, पगारी प्रशिक्षिका आणि महापालिका शाळांतील मुलींना विनाशुल्क प्रवेश, एवढेच प्रथम मागावे.