बर्गर करू, पण बरबटीचा!

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मोबाइलच्या पडद्यावर हल्ली बिनमांसाच्या बर्गरचा बराच बोलबाला आहे. कडधान्यांपासून घरच्या घरी बर्गर कसा करावा, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. राजमा भिजवा, शिजवा, कुस्करा, पावाचा चुरा मिसळा, टिकिया थापा, तव्यावर भाजा आणि पावात घालून खा, असा तो सारा खटाटोप. हा पदार्थ वाईट मुळीच नाही. कडधान्य पोटात जाते आहे ना, मग नाव काही का असेना, असेही कोणी म्हणेल. परंतु माझ्या मते प्रश्न नावाचाच आहे, आणि त्या नावाच्या आड पोटाचा व कष्टाचा प्रश्नही दडलेला आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आपल्या भिवापूर, उमरेड, कुही, नागभीड या मुलखात जिला बरबटी म्हणतात, तिलाच पुण्या-मुंबईकडे चवळी म्हणतात. पोळा असो, घरचे लग्नकार्य असो की पाहुणे येणार असोत, बरबटी भिजत पडली की घरातल्या लहानथोरांना वड्यांचा सुगावा लागतो. म्हणजे कडधान्याची टिकिया आपल्याला नवी नाही. असे असूनही आनंद मेळाव्यात कोणते पदार्थ ठेवायचे याची चर्चा निघाली, तेव्हा बरबटीच्या वड्यांचे नाव काढताच काहीजण हसले. "ते तर घरचंच आहे, विकत कोण घेणार?" असा त्यांचा सवाल होता. बर्गरला मात्र एकमताने मान्यता मिळाली. त्या हसण्याचा मला राग आला नाही, पण त्याचा विचार करावासा वाटला.

आधी बर्गरच्या पोटात काय असते ते पाहू. आपल्याकडे गाडीवर किंवा हॉटेलात जो स्वस्त बर्गर मिळतो, त्यातली टिकिया बहुधा बटाट्याची असते. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स कंपनी भारतात आली आणि पुढे तिची आलू टिक्कीच येथे घरोघर माहीत झाली. बटाट्याशी माझे काही वैर नाही. पण शंभर ग्रॅम बटाट्यात प्रथिने जेमतेम दोन ग्रॅम, तर शंभर ग्रॅम कोरड्या बरबटीत ती वीस ग्रॅमच्या वर असतात. भिजल्यावर बरबटी पाणी पिऊन फुगते, हे हिशेबात धरले तरी अंतर मोठेच राहते. शिवाय गहू-तांदळात जे प्रथिनद्रव्य कमी, ते कडधान्यात भरपूर. आणि कडधान्यात जे कमी, ते धान्यात असते. वरण-भात, पोळी-उसळ ही जोडी आपल्या आजीने पुस्तक न वाचता जमवली होती. पावात बरबटीचा वडा ठेवला तरी तीच जोडी जुळते. पावात बटाटा ठेवला तर पिठूळाला पिठूळ मिळते, इतकेच.

हा केवळ पुस्तकी हिशेब नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के, रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. देशात माणशी दररोज मिळणारी डाळ १९५१ साली सुमारे ६० ग्रॅम होती. २००१ साली ती ३० ग्रॅमवर आली. माझी आई मिरचीच्या सातऱ्यावर जाते. भिवापुरी मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे, तिचे नाव दूरवर गेले आहे. पण त्या मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांच्या डब्यात काय असते, हे विचारायला कोणी येत नाही. पातळ वरण, पोळी आणि चटणी, हा रोजचा बेत. ज्या दिवशी दोन वडे असतात, त्या दिवशी डबा सर्वांत वाटून खाल्ला जातो. कडधान्य हे या बायांचे दूध, अंडे, मांस सारे काही आहे. त्या पदार्थाला आपणच हलका म्हणू लागलो, तर तो आधी पाहुण्यांच्या ताटातून जाईल आणि मग घरच्या ताटातूनही जाईल.

आता कृतीकडे वळते, कारण मत मांडणाऱ्याने हातही चालवावा, असे आमच्या मराठीच्या सरांचे म्हणणे असते. बरबटी रात्रभर भिजवावी. सकाळी पाणी काढून टाकावे व चोळून निघतील तेवढी टरफले काढावीत. मूठभर भिजलेली चणाडाळ, लसूण, हिरवी मिरची, जिरे घालून पाणी न घालता जाडसर वाटावे. शेवटी चिरलेला सांभार आणि मीठ घालावे. मीठ आधी घातले तर वाटणाला पाणी सुटते. ओल्या तळहातावर चपटे थापून तळावे. तेल वाचवायचे असेल तर तव्यावर थोडे तेल सोडून, मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटे भाजावे. मात्र वडा पातळच थापावा, नाहीतर आत कच्चा राहतो. सोबत लिंबू अवश्य घ्यावे, कारण लिंबाच्या आंबटपणासोबत कडधान्यातील लोह शरीराला अधिक मिळते. तोच वडा पावात ठेवा, वर कांदा-टमाटर ठेवा, झाला बर्गर!

यात एक मर्म आहे. परदेशी पद्धतीची राजम्याची टिकिया तव्यावर फुटते अशी तक्रार पुष्कळ जण करतात. राजमा आधी शिजवलेला असतो, त्यामुळे त्यातल्या पिठाची पकड तिथेच संपते आणि मग पावाचा चुरा, पोहे किंवा बेसन घालून त्याला सांधावे लागते. बरबटी कच्ची वाटली जाते. तिचे पीठ तेलातच शिजते आणि शिजता शिजता वडा आपोआप बांधला जातो. पण म्हणून कोणी राजमा कच्चा वाटू नये. अर्धकच्च्या राजम्यातील द्रव्याने उलट्या-जुलाब होतात. तो भिजवून, पाणी बदलून, खळखळ उकळूनच खावा. ज्या कडधान्याची जी रीत, ती पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून ठरलेली असते.

जुने ते सारे सोने, असा मात्र माझा दावा नाही. आपल्याच पूर्व विदर्भात लाखोळीच्या डाळीचेही वडे होतात. त्या डाळीतील एका विषद्रव्यामुळे, ती दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ती बंदी उठवण्यासाठी अनेक वर्षे चळवळ केली. पुढे संशोधकांनी विषद्रव्य कमी असलेल्या जातीही काढल्या. सांगायचे इतकेच की, घरचे म्हणून डोळे मिटून कवटाळू नये आणि घरचे म्हणून हसूही नये. पारखून घ्यावे. बरबटी त्या पारखीला उतरते.

आता थोडे दूर जाऊ. बरबटी मुळात आफ्रिकेची. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि आपलीच होऊन गेली. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियात, आजही बरबटी भिजवून, सोलून, वाटून तिचे वडे तळतात. त्यांना अकारा म्हणतात. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून ज्या माणसांना ब्राझीलला नेले, त्यांनी हा वडा तिकडे नेला. बाहिया प्रांतात तो अकाराजे झाला. ब्राझीलमधील गुलामगिरी १८८८ साली संपली. त्या गुलामांच्या लेकी-नाती साल्वादोर शहराच्या चौकांत पांढरे झगे घालून वडे विकत राहिल्या, आणि २००५ साली ब्राझील सरकारने त्यांच्या या व्यवसायाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. पुढे २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी मैदानाच्या परिसरात त्यांना विक्री करता येणार नाही, असे दिसू लागले. बड्या कंपन्यांचे बर्गर आणि शीतपेये चालतील, पण आमच्याच गावात आमचा वडा चालणार नाही, हे त्या बायांनी मानले नाही. त्या एकजुटीने उभ्या राहिल्या आणि मैदानावर वडे विकण्याचा हक्क त्यांनी मिळवला.

हे वाचले तेव्हा माझी मान ताठ झाली. ज्यांच्या पूर्वजांजवळ स्वतःचे नावसुद्धा राहू दिले नव्हते, त्यांनी एका वड्याच्या बळावर आपली ओळख राखली. आपल्याजवळ तर घर आहे, गाव आहे, भाषा आहे. मग आपण का लाजावे? माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. शिक्षणाने माणूस मोठा होतो, हे मला मान्य आहे. पण शिकलेल्या मुलीने आईच्या हातचे वडे डब्यातून चोरून खावेत, असे जर शिक्षण शिकवत असेल, तर ते कुठेतरी चुकते आहे.

गंमत अशी की, ज्याला आपण मागासलेले समजतो त्याच्याकडेच जगातले मोठे शास्त्रज्ञ वळत आहेत. अमेरिकेत २०१६ साली इम्पॉसिबल बर्गर नावाचा बिनमांसाचा बर्गर आला. त्याला मांसाची चव देणारे द्रव्य मूळचे सोयाबीनच्या मुळांवरील गाठींमधले. ते आता यीस्टच्या साहाय्याने कारखान्यात बनवतात. आपल्या शेतातली बरबटी उपटून पाहा, तिच्या मुळांवरही तशाच गाठी दिसतील. हवेतील नत्र जमिनीत आणणाऱ्या त्या गाठी. म्हणजे हे पीक पोटही भरते आणि जमिनीचा कसही राखते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वड्यांचे कौतुक करताना वाटणाऱ्या हातांचा विसर पडू नये. दिवसभर सातऱ्यावर मिरची खुडून बोटांची आग होत असताना जी बाई पहाटे उठून बरबटी सोलते आणि पाट्यावर वाटते, तिला "आपली खाद्यसंस्कृती जपा" असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. ती बर्गरचे आयते पाकीट आणू म्हणाली, तर दोष तिचा नाही. संस्कृती जपायची असेल तर ती वाटून घ्यावी लागेल. आमच्या घरी आता आठवड्यातून एकदा बरबटी माझा धाकटा भाऊ सोलतो, वाटण मी करते आणि आई फक्त चव पाहून मीठ सांगते. भावाला आरंभी त्याचे मित्र चिडवत. आता तेच मित्र वडे खायला येतात.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, बर्गर खाऊ नका असे मी म्हणत नाही. पाव परका असला तरी तो आपण वडापावात कधीच घरचा करून टाकला आहे. माझी सूचना साधी आहे. पुढच्या आनंद मेळाव्यात एक दुकान बरबटीच्या वड्यांचे लावावे. ज्याला पावात हवा त्याला पावात द्यावा, ज्याला मिरचीच्या चटणीशी हवा त्याला तसा द्यावा. पाटीवर नाव मात्र ठळक अक्षरांत 'बरबटीचा वडा' असेच लिहावे. आणि एक अट: त्या दुकानाचे वाटण मुलांनी करावे, हिशेब मुलींनी ठेवावा. गुरुजनांनी पहिले गिऱ्हाईक व्हावे. वडा फसला तर दोष माझ्या कृतीचा समजा. जमला तर श्रेय भिवापूरच्या त्या सर्व बायांना द्या, ज्यांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय तो आजवर जमवत आणला.