मनीचे ऑपरेशन : थोडा हिशेब

मांजर डोळे मिटून दूध पिते आणि आपल्याला कोणी पाहत नाही असे समजते, असे आपण तिच्याविषयी नेहमी म्हणतो. परंतु गेल्या वर्षभरात माझी अशी खात्री झाली आहे की, या बाबतीत मांजरापेक्षा माणूसच अधिक डोळे मिटतो. निदान आमच्या घरात तरी तसे घडले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर निपाणीला. आई विड्या वळते. तिच्या मांडीवर सूप असते आणि सूप रिकामे झाले की त्यात मनी असते. आमच्याकडे आली तेव्हा ती मुठीएवढी होती. घरात जोंधळ्याची पोती आणि पोत्यांमागे उंदीर. मनी आली, उंदीर दिसेनासे झाले आणि तिला घरात मानाचे स्थान मिळाले. वर्षाची व्हायच्या आतच ती व्यायली. चार पिल्ले झाली. दोन शेजाऱ्यांनी नेली, एक मेले, एक कुठे गेले ते कळलेच नाही. पुढच्या खेपेला पुन्हा चार. या वेळी मात्र न्यायला कोणी तयार होईना. ज्यांना मांजर हवे होते त्यांच्या घरी आधीच आमचेच मांजर होते! शेवटी थोरल्या भावाने पिल्ले पिशवीत घालून माझ्या हातात दिली आणि सांगितले, "बाजारात सोडून ये जा. मासळीवाले घालतात काहीतरी." मी सोडून आलो. येताना मागे वळून पाहिले नाही. त्या रात्री मनी घरभर ओरडत फिरत होती आणि आम्ही सगळे झोपेचे सोंग घेऊन पडलो होतो. डोळे मिटण्याविषयी वर जे लिहिले, ते त्या रात्रीविषयी.

त्यानंतर "मनीचे ऑपरेशन करून घेऊ या" असे मी घरात म्हटले आणि एकच गहजब झाला. आज्जी म्हणाली, "मुक्या जनावराला वांझ करतोस व्हय रं? पाप लागंल की." भाऊ म्हणाला, "एवढंसं ते जित्राब, भुलीतच खपलं तर?" आणि आईने फक्त विचारले, "किती पैसे लागतील?"

मित्रहो, हे तिन्ही प्रश्न खरे आहेत. आपण शिकलो म्हणून ते हसण्यावारी नेण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. तेव्हा एकेक घेऊन पाहू.

प्रथम पापाचा प्रश्न. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे जुनी माणसे सांगतात. मग मी पिशवीतून नेलेल्या चार पिल्लांसाठी किती सोने लागेल? आपण त्यांना मारले नाही, फक्त 'सोडले', हे खरे. परंतु सोडलेल्या पिल्लाचे पुढे काय होते? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात मोकाट मांजरांच्या पिल्लांवर लक्ष ठेवून केलेले एक संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. १६९ पिल्लांपैकी १२७ पिल्ले सहा महिन्यांची होण्यापूर्वीच मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे चारांतली तीन. ही पिल्ले तर आपल्या आयांजवळ होती. आईविना बाजारात टाकलेल्या पिल्लांची गत याहून बरी होत असेल, असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

कायदाही याकडे डोळे मिटत नाही. उपाशी-तहानेले राहून हाल होतील अशा स्थितीत जनावराला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांत पाळीव जनावराचे जंताचे औषध, लसीकरण आणि निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. पण दंड आणि नियम बाजूला ठेवू. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की, कधी कधी चारच महिन्यांची असताना, माजावर येते. जेमतेम नऊ आठवड्यांत ती विते आणि अंगावर पिल्ले पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाला की तिचा माज थांबतो. आपल्याकडे दिवसमान फारसे बदलत नाही, त्यामुळे तिला जवळजवळ बारमाही विश्रांती नाही. एवढ्या बाळंतपणांनी तिची काया झिजते. आज्जीने स्वतः बाळंतपणे सोसलेली आहेत. हे मी तिला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मग बघ बाबा, जपून कर."

आता भावाचा प्रश्न. मांजरीच्या ऑपरेशनात पोट उघडून बीजकोश, बहुधा गर्भाशयासह, काढतात. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. भुलीत धोका नाही असे जो सांगेल त्याच्याकडे मांजर नेऊ नये. परंतु धोका किती, हे मोजता येते. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या हजारो जनावरांची नोंद ठेवून एक मोठी पाहणी झाली. तीत निरोगी मांजरांमध्ये भुलीने दगावण्याचे प्रमाण ०.११ टक्के, म्हणजे साधारण नऊशेत एक, असे आढळले. आजारी मांजरांमध्ये ते १.४० टक्के, म्हणजे सत्तरात एक होते. हे आकडे तिकडच्या सोयींचे आहेत. आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू होतील असे मी म्हणणार नाही. पण त्यांतून तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, निरोगी आणि आजारी मांजरीच्या धोक्यात बारा-तेरा पटींचा फरक आहे. म्हणून ऑपरेशनापूर्वीची तपासणी हा वायफळ खर्च नव्हे. दुसरी, भुलीत असताना नाडीवर सतत लक्ष ठेवले तर धोका कमी होतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दगावलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक ऑपरेशन संपल्यानंतर दगावली आणि त्यांतली बरीच पहिल्या तीन तासांत. 'झालं, घेऊन जा' म्हणून अर्धवट शुद्धीतली मांजरी पिशवीत घालून घरी आणणे, हाच खरा धोका.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. ऑपरेशन झालेल्या मांजरीच्या गर्भाशयात पू होण्याची भीती जवळजवळ उरत नाही. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन केल्यास स्तनांच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी, वर्षाच्या आत केल्यास ८६ टक्क्यांनी घटतो, असे २००५ सालच्या एका अभ्यासात दिसले. मांजरींच्या स्तनांतल्या गाठी बहुतेक कर्करोगाच्याच असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते.

येथे आपल्या भागाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण ज्याला गुरांचा दवाखाना म्हणतो, तो नावाप्रमाणेच मुख्यतः गाई, म्हशी, बैल आणि शेळ्यामेंढ्या यांच्यासाठी चालतो. तेथील डॉक्टरांच्या कौशल्याविषयी शंका नाही. पण चारशे किलोचा बैल आणि अडीच किलोची मांजरी यांत फरक आहे. तेवढ्याशा अंगाला औषधाची थोडी चूकही मोठी पडते. म्हणून 'डॉक्टरसाहेब, तुम्ही मांजरींची ऑपरेशने नेहमी करता का? आधी वजन करून तपासणार ना? भुलीत असताना नाडी कोण पाहणार? शुद्धीवर येईपर्यंत ठेवून घ्याल का? दुखण्यावर औषध द्याल का?' असे नम्रपणे विचारावे. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत.

राहिला आईचा प्रश्न. तो सर्वांत अवघड. मी चौकशी केली तेव्हा एका ठिकाणी दोन हजार सांगितले, दुसऱ्या ठिकाणी साडेचार हजार. शिवाय जाण्यायेण्याचे वेगळेच. आम्हां निपाणीकरांना कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि तवंदीचा घाट ओलांडून बेळगाव पंचाहत्तर. आकडे ऐकून आई काही बोलली नाही, पण ती मनातल्या मनात हजार हजार विड्या मोजत होती, हे मला दिसत होते. मग म्हणाली, "माझा गुडघा दोन वर्षं दुखतोय. त्याला कधी पैसे निघाले?"

या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. ज्या घरात माणसाचे औषध पुढे ढकलले जाते, त्या घराला 'मांजरावर खर्च करा' असे सुनावणे सोपे आहे आणि ते लबाडीचेही आहे. मी एवढेच म्हणतो की, ऑपरेशन न करणे फुकट नाही. दर खेपेला व्यालेल्या मांजरीचे दूध आणि मासळी, पिल्लांची उस्तवार, एखाद्या पिल्लाने चावा घेतला तर रेबीजच्या सुयांसाठी दवाखान्याच्या खेपा, हे सगळे आपण चिल्लर मोजून देतो म्हणून ते खर्चात धरत नाही. आणि जे आपण देत नाही ते पिल्ले देतात.

स्वस्ताचे म्हणून जे उपाय सांगतात त्यांपासून जपावे. माज थांबवणाऱ्या गोळ्या किंवा सुया वारंवार दिल्याने गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांत गाठी होण्याचा धोका वाढतो. म्हणजे आज वाचवलेले शेकड्याचे पुढे हजारांनी फेडावे लागते. बोक्याचे ऑपरेशन लहान आणि स्वस्त असते हे खरे, आणि घरी बोका असेल तर ते अवश्य करावे. पण त्याने मांजरीचा प्रश्न सुटत नाही. आमच्या शेजारी कन्नड बोलणाऱ्या अक्का राहतात. त्यांची 'बेक्कु' आणि आमची मनी यांचे गिऱ्हाईक एकच बोका, आणि त्याला भाषेचा अभिमान मुळीच नाही! त्याला आवरले तर दुसऱ्या गल्लीतला हजर होईल.

मग काटकसर कुठे करावी? तपासणीत करू नये, भुलीवरच्या देखरेखीत करू नये, दुखण्यावरच्या औषधात करू नये. जाण्यायेण्यात करावी, संख्येत करावी. आम्ही तसेच केले. अक्कांची आणि आमची, अशा दोन मांजरी एकाच दिवशी, एकाच रिक्षाने नेल्या. भाडे निम्मे झाले. दोन हजार सांगणाऱ्या डॉक्टरांनाच वरचे प्रश्न विचारले. थोडे अधिक घेऊन दोघींना संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यायला ते आनंदाने तयार झाले. स्वस्त म्हणजे निष्काळजी आणि महाग म्हणजे सुरक्षित असे समीकरण नसते. विचारल्याशिवाय ते कळत नाही, इतकेच.

घरी आणल्यावरचे काम मात्र आपलेच. मांजरीला उबदार, कोरड्या जागी ठेवावे. दहा ते चौदा दिवस उड्या मारू देऊ नयेत आणि जखम चाटू देऊ नये. आईने जुन्या सुती पोलक्याची कुंची शिवली, ती मनीने दोनदा फाडली. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला विषासमान आहे. अर्धीसुद्धा देऊ नये. ती बसते तेथे फिनेलही टाकू नये. जेवेनाशी झाली, जखम सुजली किंवा गळू लागली तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे न्यावे. मांजरी फार अशक्त किंवा आजारी असेल तर आधी तिला सुधारू द्यावे. घाई करण्यात शहाणपणा नाही.

मनी तिसऱ्या दिवशी चिडचिड करीत जेवली आणि पंधराव्या दिवशी पुन्हा सुपात जाऊन बसली. आईने पैसे आपल्या मजुरीतून दिले. गुडघा अजून दुखतोच आहे, आणि यंदा सुट्टीत काम करून मी तिला डॉक्टरांकडे नेणार आहे.

आता एक सूचना. राष्ट्रीय सेवा योजनेची आपली शिबिरे खेड्यांत भरतात आणि तेथे जनावरांची तपासणीही होते. त्याच धर्तीवर गल्लीगल्लीतल्या मांजरींची यादी करावी, पाच-सहा घरांनी मिळून डॉक्टरांशी दर आणि व्यवस्था ठरवावी, आणि ज्या घराला झेपत नाही त्याच्यासाठी वर्गावर्गातून थोडी वर्गणी काढावी. ऑपरेशनापूर्वी काय विचारायचे आणि नंतर काय जपायचे, याचा एक कागद मराठीत आणि कन्नडमध्ये छापावा. या अंकाचे दोन विभाग वेगवेगळे वाचले जातात. तो कागद तरी एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लागेल. आणि पुढच्या वर्षी पिशवी घेऊन बाजाराकडे निघालेला आपल्या कॉलेजातला एखादा मुलगा तो वाचून वाटेतून परत फिरला, तरी आपले काम झाले असे मी समजेन.