इसबगोल आणि पाणी
इसबगोलाचा सगळा गुण बियांवरच्या पातळ, गुलाबी-पांढुरक्या सालीत आहे. पाणी लागताच ही साल फुगून बुळबुळीत होते. आतड्याला आराम पडतो तो याच बुळबुळीतपणामुळे, आणि हातातोंडाशी आलेले पीक मातीमोल होते तेही त्यामुळेच.

उत्तर गुजरात, पश्चिम राजस्थान आणि नीमच-मंदसौरचा पट्टा हे या पिकाचे घर. हलकी, निचऱ्याची जमीन, थंड कोरडा हिवाळा आणि काढणीच्या वेळी निरभ्र आकाश, एवढे त्याला पुरते. महाराष्ट्रातल्या भारी काळ्या जमिनीत ते लावण्याचा मोह टाळलेला बरा. पेरणी नोव्हेंबरात होते. हेक्टरी चार-पाच किलो बी लागते. ते फार बारीक असल्याने वाळूत मिसळून वरवर पेरतात. खोल गेलेले बी उगवतच नाही. पहिले पाणीही संथ द्यावे लागते, नाहीतर बी वाहून वाफ्याच्या एका कडेला गोळा होते. फुलोऱ्याच्या सुमारास ढगाळ, दमट हवा लांबली की केवडा रोग येतो. डिसेंबरात रेंगाळलेल्या पेरणीत तो जास्त दिसतो, शिवाय काढणीही पुढे सरकते.

खरी कसोटी शेवटच्या पंधरवड्यात लागते. ओंब्या तपकिरी झाल्या आणि बोटांत दाबल्यावर बी सुटू लागले, की थांबायचे नाही. त्या वेळी एक सर आली तरी साल ओंबीतच फुगते आणि बी गळते. हाती लागते त्याचा रंग गेलेला असतो. दव सुकल्यावर, पण ऊन तापण्याआधी कापणी केली तर गळ कमी होते.

उंझा-सिद्धपूरच्या गिरण्यांत बी भरडून, चाळून, वाऱ्याने साल वेगळी काढतात. वजनाच्या साधारण पाव हिस्सा साल, म्हणजेच भुशी, मिळते; उरलेला गर पशुखाद्यात जातो. या कामातली धूळ नाकातोंडात गेली की काहींना शिंका, अंगावर गांधी, दमा असा त्रास होतो. फडताळातली बरणी उघडणाऱ्या औषधविक्रेत्यालाही तो होऊ शकतो, याकडे आपल्याकडे फारसे लक्ष जात नाही.

वापरात पाण्याचा नियम उलटतो. प्रौढांना दिवसाला ५ ते १० ग्रॅम भुशी पुरते, पण दर ५ ग्रॅमला निदान पेलाभर पाणी हवेच. कोरडी तोंडात टाकलेली भुशी घशात फुगून अडकू शकते. झोपायला जाताना चमचाभर भुशी कशीबशी गिळून आडवे होण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी. मलावरोधात ती मळ मऊ करते, जुलाबात जादा पाणी धरून ठेवते. परिणामाला एक ते तीन दिवस लागतात, हे रुग्णाला आधीच सांगितले तर तो मात्रा दुप्पट करत नाही. विद्राव्य तंतूंमुळे कोलेस्टेरॉलही काही प्रमाणात उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये हृदयरोगासंबंधीचा तसा दावा वेष्टनावर छापण्यास मान्यता दिली.

गिळायला त्रास होणाऱ्यांना किंवा आतड्यात अडथळा असल्याची शंका असताना भुशी देऊ नये. इतर औषधे आणि भुशी यांत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे. मधुमेहींची साखर मात्र तपासत राहावी लागते, कारण भुशीमुळे औषधाची मात्रा कमी करण्याची वेळ येऊ शकते.