खोक्यावर नसलेले नाव

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की नंदनवनातील रस्ते भर दुपारी ओस पडतात. मैदानावर जाता न येणारी मुले मग घरातच पडद्यावर बास्केटबॉल खेळतात. आजच्या खेळांत खेळाडूच्या कपाळावरील घामही दिसतो. या करमणुकीचा आरंभ मात्र अगदी साधा होता, आणि त्यामागची हकिकत प्रत्येक कुटुंबाने विचारात घ्यावी अशी आहे.

१९७८ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने आपल्या घरगुती यंत्रासाठी ‘बास्केटबॉल’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्याची रचना ॲलन मिलर यांची. यंत्राची चालती स्मृती अवघी १२८ बाइट आणि खेळाच्या कॅसेटमधील जागा २ किलोबाइट! एवढ्या तुटपुंज्या साधनांतून त्यांनी समोरासमोर झुंजणारे दोन खेळाडू उभे केले. मैदानाच्या बाजूंच्या रेषा तिरप्या आखून सपाट पडद्यावर खोलीचा आभास निर्माण केला. बटण दाबले की खेळाडूचे हात वर जात. सोडले की चेंडू टोपलीकडे झेपावे. सोबती नसला तर यंत्रच प्रतिस्पर्धी होई.

खोक्यावर कंपनीचे नाव ठळक होते. मिलर यांचे मात्र कोठेच नव्हते. त्या काळी अटारीची तशीच रीत होती. मिलर आणि त्यांचे सहकारी डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन व बॉब व्हाइटहेड यांनी आपल्या कामाचे श्रेय आणि न्याय्य मोबदला मागितला. तो नाकारला गेला. तेव्हा ते बाहेर पडले आणि १९७९ मध्ये जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी स्थापन केली. तिच्या खेळांबरोबर रचनाकाराचे नाव आवर्जून छापले जाऊ लागले. अटारीचेच दुसरे रचनाकार वॉरन रॉबिनेट यांनी तर आपले नाव ‘ॲडव्हेंचर’ या खेळातील एका गुप्त दालनात दडवून ठेवले होते.

ही मानाची हाव होती काय? मानाची हाव वेगळी आणि केलेल्या कामाची नोंद वेगळी. स्वतःचे नाव मागावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दुसऱ्याचे नाव घेणे हे मात्र आपले कर्तव्य आहे. पेढीच्या फलकावर आजोबांचे नाव झळकते. तीस वर्षे वह्या सांभाळणाऱ्या मुनीमजींचा उल्लेख क्वचितच होतो. पाहुण्यांपुढे ‘आमच्या घरचे लोणचे’ म्हणून बरणी येते; ते ज्या सुनेने घातले, ती स्वयंपाकघरातच राहते. अटारीने चार गुणी माणसे गमावली, ती काही पैशांच्या टंचाईमुळे नव्हे.

दुपारच्या खेळात रमलेल्या नातवाला कधीतरी सहज विचारावे, ‘बाळा, हा खेळ कोणी घडवला?’ तो नाव शोधू लागेल. आणि त्याच सायंकाळी जेवताना त्याने ‘आज भाजी कोणी केली?’ असे विचारले, तर ती दुपार सार्थकी लागली म्हणावे.