साहस, बल आणि परतीची वाट

गेल्या वर्षी दीपावलीनंतरच्या पंधरवड्यात एक सद्‌गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. वय ४१, संगणक क्षेत्रात नोकरी, प्रकृती वातपित्तप्रधान. तक्रार तशी किरकोळ : झोप तुटक, आणि सायकल चालविल्यानंतर मानेत येणारा स्तंभ. नाडी-जिव्हा-मल-मूत्र यांची परीक्षा आटोपल्यावर त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला व म्हणाले, "वैद्यराज, खरे कारण हे आहे. नॉर्वेच्या शर्यतीसाठी सोडतीत माझे नाव निघाले. हातात नऊ महिने आहेत. मला तयार करा."

आम्ही कागद वाचला आणि, प्रांजळपणे सांगावयाचे तर, प्रथम चष्मा पुसून तो पुन्हा एकदा वाचला. पोहणे, सायकल चालविणे व धावणे या तीन क्रीडा सलग एकाच दिवशी करण्याचा ट्रायथलॉन नावाचा प्रकार आता पुण्या-कोल्हापुरासही नवीन नाही. परंतु २००३ साली सुरू झालेली 'नॉर्समन' ही शर्यत त्याहून निराळी. ऑगस्टच्या आरंभी पहाटे ५ वाजता स्पर्धक हार्डांगर फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांच्या कुशीत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीत, उभ्या असलेल्या बोटीवरून थेट पाण्यात उडी घेतात व ३.८ किलोमीटर पोहून किनाऱ्यास लागतात. पाणी बहुधा १३ ते १५ अंशांचे. त्यानंतर उंच, उघड्या, वाऱ्याच्या पठारावरून १८० किलोमीटर सायकल. त्यानंतर ४२.२ किलोमीटर पायी; पैकी पहिले २५ तळ्याच्या काठाने सपाट, पुढे नागमोडी चढ, आणि अखेरीस गाउस्टातोप्पेन या १८८३ मीटर उंचीच्या पर्वतावर दगडाधोंड्यांतून माथ्यापर्यंतची चढण. मार्गात आयोजकांकडून खाणेपिणे नाही. ज्याने त्याने आपला मदतनीस बरोबर आणावयाचा. ३२.५ किलोमीटरच्या चौकीवर प्रथम पोहोचणाऱ्या १६० जणांनाच पर्वताची वाट खुली होते. ते माथ्यावर पोहोचले की काळा सदरा मिळतो. इतरांची शर्यत माथ्याखालीच संपते, त्यांना पांढरा. रोख बक्षीस कोणासही नाही.

हा वृत्तान्त आम्ही संघटनेच्या मासिक बैठकीत सहज सांगितला, तो दोन मते लगेच पुढे आली. एका ज्येष्ठ वैद्यवर्यांनी, हा शुद्ध प्रज्ञापराध आहे, रुग्णास स्पष्ट नकार द्यावा, असे सांगितले. एका तरुण मित्राने याच्या नेमके उलट, अशा मंडळींसाठी रसायनाचे एक आकर्षक 'पॅकेज' तयार करावे, हा वर्ग पैसे मोजण्यास तयार असतो, असे सुचविले. आम्हांस दोन्ही मते मान्य नाहीत. दोहोंतही रुग्णाचे बल कोणी मोजलेलेच नाही.

चरकसंहितेच्या निदानस्थानातील शोषनिदान वैद्यबंधूंनी या दृष्टीने पुन्हा एकदा उघडून पाहावे. शोषाची चार आयतने तेथे सांगितली आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. साहसाची उदाहरणे देताना आचार्यांनी बलवानाशी झुंज, मोठे धनुष्य ओढणे, अतिभार वाहणे यांच्या बरोबरीने पाण्यात फार दूर पोहत जाणे आणि फार लांबची वाट वेगाने तुडविणे ही दोन्ही घातली आहेत. म्हणजे सायकल तेवढी वगळता या शर्यतीचा कार्यक्रमच तेथे आहे. उरलेली तीन आयतनेही दूर नाहीत. मूत्रवेग आल्यास सायकलवरून कोण उतरतो? पहाटे दोनला उठून काय खाल्ले जाते, आणि दिवसभर दर अर्ध्या तासाला गोड चिकट गर तोंडात पिळणे यास विषमाशन म्हणू नये तर काय म्हणावे?

मात्र त्याच वाक्याचा पहिला शब्द आमच्या ज्येष्ठांनी सोडून दिला, असे आम्हांस नम्रपणे वाटते. आचार्य बोलतात ते दुर्बल पुरुषाविषयी. साहस हे कर्माच्या आकारावर ठरत नाही. कर्म आणि कर्त्याचे बल यांतील अंतरावर ठरते. सहा महिने अंथरुणावर असलेल्यास जिना चढणे हेही साहसच, आणि हमालास पन्नास किलोचे पोते हे नित्यकर्म. मग नऊ महिन्यांत हे अंतर कमी करता येईल काय, हा वैद्याचा प्रश्न आहे. करता येत नसेल तर नकार द्यावा. परंतु मोजल्यावर द्यावा.

व्यायामाविषयी अर्धशक्तीचा नियम आपण सर्वजण विद्यार्थिदशेत पाठ करतो आणि रुग्णास मात्र 'झेपेल तेवढा करा' असे मोघम सांगतो. कपाळ, नाक व सांधे यांवर घाम येणे, तोंडास कोरड पडू लागणे, श्वास तोंडावाटे सुरू होणे ही लक्षणे दिसताच थांबावयाचे, इतका तो नियम स्पष्ट आहे. आजचे प्रशिक्षकही लांब पल्ल्याच्या खेळाडूस बहुतांश सराव बोलता येईल इतक्याच वेगाने करण्यास सांगतात. यावरून 'आमच्याकडे हे आधीच होते' असे ढोल बडविण्याचे कारण नाही. व्यवहारात त्याचा उपयोग एवढाच की प्रशिक्षक आणि वैद्य यांचे भांडण होत नाही. आमच्या सद्‌गृहस्थांचा सराव पाहता ते दररोज पाऊण शक्ती खर्चीत होते. मग तुटक झोपेचे कारण शोधण्यास फार लांब जावे लागले नाही. पहिले दोन महिने आम्ही औषध जवळपास दिलेच नाही. फक्त वेग कमी करविला, रात्रीचे जेवण आठाच्या आत आणले आणि व्यायामोत्तर अभ्यंग व सकाळचे तूप सुरू केले. हृदयाची आधुनिक तपासणी मात्र पहिल्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडून करून घेतली. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या बाबतीत ती न करता केवळ नाडीवर विसंबणे आम्ही अक्षम्य समजतो.

खरी अडचण आली ती ऋतूची. हेमंत-शिशिरात बल उत्तम, त्या काळात व्यायाम वाढविणे शास्त्रसंमत. परंतु शर्यत ऑगस्टमध्ये, म्हणून सरावाचा शिखरकाळ मे-जून-जुलै. ग्रीष्म आणि वर्षा या दोन्ही ऋतूंत चरकाचार्य व्यायाम वर्ज्य सांगतात. मेमधील पुण्याच्या उन्हात सहा तास सायकल चालविणाऱ्यास कोणते पथ्य सांगावे? आम्ही मध्यम मार्ग काढला, तो पूर्ण समाधानकारक होता असा आमचा दावा नाही. दीर्घ सराव मार्गशीर्ष ते फाल्गुन या काळात ओढून घेतला. उन्हाळ्यात वेळ कमी केला व तोही सूर्योदयापूर्वीचा. प्रशिक्षक नाराज झाले. जूनमध्ये अग्निमांद्य झालेच. आठ दिवस सर्व बंद ठेवावे लागले.

पाण्याविषयी एक गोष्ट येथेच नोंदवितो. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घटलेले आढळले, आणि त्याचे एक मोठे कारण होते धावताना अतिरिक्त द्रव पिणे. तहानेचा वेग अडवू नये व तहान नसता पाणी ढोसू नये, हे आपण रुग्णास सांगतो तेव्हा ते केवळ आजीबाईचे बोल नाहीत.

थंड पाण्याचे संकट निराळे. पुण्याच्या तरणतलावात तयार झालेले शरीर १४ अंशांच्या खाडीत पडले की पहिल्या मिनिटातच श्वास आखडतो. बाहेर आल्यावरही शरीराच्या आतील उष्णता काही काळ उतरतच राहते. क्वचित पोहतानाच फुफ्फुसांत द्रव साठतो, धाप लागते, फेसाळ तांबूस कफ पडतो. अशा वेळी पाण्याबाहेर येऊन रुग्णालय गाठणे हाच उपचार, त्यात चूर्ण-चाटणाचा संबंध नाही. ऋतुसंधीत जुने सोडून नवे पादांशिक क्रमाने स्वीकारावे असे आपण म्हणतो. तोच क्रम आम्ही येथे लावला. पौषापासून घरी गार पाण्याचे स्नान टप्प्याटप्प्याने, आणि शर्यतीपूर्वी चौदा दिवस आधी नॉर्वेस जाऊन तेथील पाण्यात दररोज थोडे थोडे, कोणीतरी काठावर असताना. चौदा दिवसांच्या रजेसाठी त्यांच्या कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

आता आपल्या घरातील एक अप्रिय गोष्ट. याच सद्‌गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका, लहान, शर्यतीआधी दहा दिवस 'शरीरशुद्धी' म्हणून विरेचन घेतले होते. ते देणारे आपल्यापैकीच होते. संसर्जनक्रम धड पाळला गेला नाही, आणि शर्यतीच्या दिवशी गृहस्थ अर्ध्या वाटेत रस्त्याकडेला बसले. शोधनाने दोष जातात, तसे तात्पुरते बलही जाते, हे आपण कधी विसरू लागलो? यावेळीही त्यांनी जुलैमध्ये पंचकर्माची मागणी केलीच. आम्ही नकार दिला. त्याऐवजी जड सरावाच्या आठवड्यांत मात्राबस्ती दिली. व्यायाम, भार, प्रवास व वाहन यांनी कृश झालेल्यांसाठीच ती सिद्धिस्थानात सांगितली आहे आणि तिला कडक परिहारही नाही. मानेचा स्तंभ व कंबर यांस तिचा लाभ झाला, असे आमचे निरीक्षण आहे. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडण्याची आमची इच्छा नाही.

दुसरे, औषधांविषयी. क्रीडास्पर्धेत निषिद्ध द्रव्यांची जागतिक सूची असते आणि शरीरात ते द्रव्य सापडल्यास, ते कसे आले याची सबब खेळाडूस सहसा वाचवीत नाही. कुचल्यातील स्ट्रिक्निन त्या सूचीत आहे. म्हणजे अग्निमांद्यासाठी आपण सहज लिहितो ती अग्नितुंडी वटी, किंवा वातव्याधीवरील विषतिंदुक, स्पर्धकास शर्यतीच्या सुमारास देणे हा त्याचा घात आहे. सोमकल्पातील एफेड्रिन, तसेच भांग व अहिफेन असलेले कल्प यांचीही तीच गत. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन विजेता थॉमस हिक्स यास धावतानाच स्ट्रिक्निन व ब्रँडी पाजण्यात आली होती आणि तो अंतिम रेषेपाशी जवळजवळ उचलूनच आणावा लागला. त्या काळी ते क्षम्य मानले गेले. आज आपल्या चिठ्ठीने तसे घडल्यास दोष आपलाच. शिवाय ज्या संमिश्र पुड्यांवर घटकद्रव्येच लिहिलेली नाहीत, त्या खेळाडूस देऊ नयेत, मग त्या आपल्या स्वतःच्या खलातल्या का असेनात.

पर्वताची तयारी हा सर्वांत आनंदाचा भाग. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, पुढे सायकल चालवून आल्यावर सिंहगड, मार्चमध्ये कळसूबाई. १६४६ मीटरचे आपले सर्वोच्च शिखरही गाउस्टातोप्पेनहून ठेंगणेच, परंतु दगड सारखेच बोचतात. येथे आम्ही त्यांस चढण्याहून उतरण्याचा अभ्यास अधिक करविला. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार सोसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा ठणका त्याचाच. बहुतेक हौशी मंडळी माथा गाठण्याची तयारी करतात आणि गुडघे परतीच्या वाटेवर गमावतात.

शेवटच्या चढणीवर स्पर्धकास एकटे जाऊ देत नाहीत. मदतनीस बरोबर हवा आणि दोघांच्याही पाठीवर उबदार कपडे व खाण्याची पिशवी हवी. ही भूमिका त्यांच्या सौभाग्यवतींनी पत्करली होती. म्हणून जूनपासून आम्ही त्यांनाही बोलावू लागलो. बोलणे जड होणे, उत्तर उशिरा येणे, पाऊल अडखळणे, आणि विशेषतः थंडीत कुडकुडणे अचानक थांबणे ही लक्षणे त्यांस लिहून दिली आणि सांगितले, यांपैकी एकही दिसल्यास वर जावयाचे नाही. त्या म्हणाल्या, "वैद्यबुवा, यांना थांबवायचं मी? नऊ महिने घरात दुसरा विषय नाही." गृहस्थ हसले, पण कागदावर सही करण्यास त्यांनी पुढच्या भेटीपर्यंत वेळ घेतला.

शर्यत झाली. पोहणे ठीक झाले. सायकलवर पठारावरील पावसाने वेळ खाल्ला. ३२.५ किलोमीटरच्या चौकीवर ते पोहोचले तेव्हा १६० जण आधीच पुढे गेले होते. पांढरा सदरा मिळाला. परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात तपासले : वजन दीड किलो कमी, झोप शांत, अग्नी सम, गुडघे निर्दोष. बैठकीत तरुण मित्राने विचारले, "म्हणजे शिखर राहिलेच ना?" होय, राहिले.

सौभाग्यवती त्या भेटीत बराच वेळ गप्प होत्या. निघताना आम्ही विचारले, चौकीवर यांची अवस्था कशी होती? "दोनदा हाक मारल्यावर उत्तर आलं," त्या म्हणाल्या. "पण नंबर तर संपलेच होते, म्हणून प्रश्न आला नाही. नंबरात असते तर मी थांबवलं असतं की नाही, मला खरंच सांगता येत नाही."

गृहस्थ यंदाच्या सोडतीत पुन्हा नाव घालणार आहेत. आम्ही हेमंत संपेपर्यंत उत्तर देण्याचे टाळले आहे.