आरमधली जुनी मॅट्रिक्स-स्क्रिप्ट अचानक का बंद पडते?

सिनिअरने दिलेली आर-स्क्रिप्ट त्याच्या लॅपटॉपवर मस्त चालायची. तुमच्याकडे मात्र पहिल्याच ‘इफ’वर एरर. डेटा तोच, कोड तोच, मग बिघडलं कुठे?

मूळ 2020 मध्ये आहे. तोपर्यंत मॅट्रिक्सचा क्लास विचारला की आर एकच उत्तर द्यायचं, ‘मॅट्रिक्स’. एप्रिल 2020 च्या 4.0.0 आवृत्तीपासून दोन येतात: ‘मॅट्रिक्स’ आणि ‘अ‍ॅरे’. तसं ते बरोबरच आहे. मॅट्रिक्स म्हणजे दोन मितींचा अ‍ॅरेच. पण ‘क्लास मॅट्रिक्स असेल तर’ अशी अट लिहिली असेल, तर आता ‘इफ’कडे ट्रू आणि फॉल्स दोन्ही जातात. आधी आर पहिलं उत्तर धरून नुसती वॉर्निंग द्यायचं (आणि वॉर्निंग वाचतं कोण!). एप्रिल 2022 च्या 4.2.0 पासून थेट एरर येते.

आर कोअर टीमच्या मार्टिन मेक्लर यांनी नोव्हेंबर 2019 मध्येच याबद्दल लिहून सावध केलं होतं. उपाय एका ओळीचा: क्लासची तुलना काढा, ‘इज डॉट मॅट्रिक्स’ फंक्शन वापरा.

मला विचाराल तर एरर बरी, निदान कळतं तरी. जास्त घातक आहे ते आरचं गुपचूप काम. मॅट्रिक्समधून एकच ओळ निवडली की तिचा व्हेक्टर होतो, आणि पुढे ओळींची संख्या विचारली तर ‘नल’ मिळतं. वॉर्निंगसुद्धा नाही. फिल्टरनंतर शंभर ओळी उरल्या तर कोड चालतो, एकच उरली की गडबडतो. म्हणून निवड करताना चौकटी कंसात ‘ड्रॉप = फॉल्स’ लिहाच.